एका सेकंदाला बेचाळीस लाख पानशेत

आमच्या घरात काळ मोजायचं एक माप होतं, त्याचं नाव पानशेत. ‘हे कपाट पानशेतच्या आधीचं’, ‘तुझ्या आत्याचं लग्न पानशेतनंतर दुसऱ्या वर्षी’, असं आजी सहज बोलायची आणि आम्हा पोरांना त्यात काही वेगळं वाटत नसे. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही गेलं, मुठेचं पाणी पेठांत शिरलं. पुण्यातल्या कितीतरी घरांची कालगणना त्या दिवसापासून ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी झाली. धरण पुढे पुन्हा उभं राहिलं. नकाशात त्याच्या जलाशयाला तानाजीसागर म्हणतात, पण पावसाळ्यात पेपर उघडला की आपण शोधतो ते पानशेतच: किती टक्के भरलं, किती टीएमसी झालं.

या लेखापुरतं मी या मापाला आणखी एक काम लावणार आहे. एक पानशेत म्हणजे काठोकाठ भरलेलं धरण, १०.६५ टीएमसी. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, आणि एका घनफुटात २८.३ लिटर. गुणाकार केला तर एका पानशेतात ३०,००० कोटी लिटरहून थोडं जास्त पाणी मावतं. वजन तीस कोटी टन. पस्तीस हजार क्युसेकने विसर्ग सुरू केला, म्हणजे भिडे पूल कधीच बुडालेला आणि नदीपात्रातल्या गाड्या हलवा म्हणून पोलिसांचे भोंगे सुरू, तरी हे पाणी संपायला साडेतीन दिवस लागतील. हे माप हाताशी ठेवा. पुढे लागेल.

जानेवारीतल्या एका रात्री आम्ही तिघं त्या जलाशयाच्या काठावर होतो. मी, माझा मित्र, त्याची घरी बनवलेली आठ इंची दुर्बीण, आणि ज्यांच्या शेताच्या बांधावर आम्ही ती मांडली होती ते मामा. दुर्बीण माणसांत मोजली नाही तर तिघं, नाहीतर चौघं. पुण्याचा उजेड ईशान्येच्या डोंगरांमागे पिवळट दिसत होता, पण दक्षिण काळीकुट्ट होती. त्या बाजूला दहा-बारा किलोमीटरवर तोरणा. त्याच्या बऱ्याच वर, मृगाच्या पायाशी असलेल्या राजन्य ताऱ्याच्या खाली, एक फिका तारकासमूह आहे: शश, म्हणजे ससा. त्या सशातला एक तारा बघायला आम्ही आलो होतो. पंचांगात तो नाही. यादीतलं त्याचं नाव आर लेपोरिस. १८४५ साली लंडनच्या जॉन रसेल हाइंडला तो दिसला, आणि त्याला काळ्या पार्श्वभूमीवर सांडलेला रक्ताचा थेंब आठवला. तेव्हापासून ‘हाइंडचा किरमिजी तारा’ हे नाव त्याला चिकटलं.

मामांनी डोळा लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “निखारा हाय.”

“तसंच म्हणा. आपल्या सूर्यापेक्षा पुष्कळ थंड.”

“थंड म्हंजे किती?”

“दोन हजार अंशांच्या वर थोडं.”

“मोजलं कुणी?”

या प्रश्नाचं उत्तर मला पटकन देता आलं नाही. गंमत अशी की त्या ताऱ्याबद्दलचे अक्राळविक्राळ आकडे मी धडाधड सांगू शकलो असतो: किती लांब, किती मोठा, किती तेजस्वी. पण या सगळ्यांतला सर्वांत छोटा आकडा, चार अंकी, २,३०० केल्विन, हाच सर्वांत अवघड निघतो. त्यावर खगोलशास्त्रज्ञांनी दीडशे वर्षं घालवली आहेत आणि अजून भांडण पूर्ण मिटलेलं नाही.

मामांनीच वाट दाखवली. ते म्हणाले, “धरनाचं पानी तरी कुठं कोन मोजतंय? पट्टी बघत्यात, मग तक्ता बघत्यात.” खरं आहे. टीएमसी कोणी मापट्याने मोजत नाही. पाण्याची पातळी पट्टीवर वाचतात आणि इतकी उंची म्हणजे इतका साठा, हे तयार तक्त्यातून काढतात. तक्ता बरोबर असेल तर साठा बरोबर. तळाशी गाळ चढला की पट्टी तेच सांगते, पण तक्ता खोटा पडतो आणि नवा करावा लागतो. ताऱ्याचं तापमानही असंच काढतात. पट्टी म्हणजे त्याचा प्रकाश, आणि तक्ता म्हणजे इतका प्रकाश इतक्या तापमानाला मिळतो हा भौतिकशास्त्राचा हिशेब. बहुतेक ताऱ्यांना हा तक्ता बरा लागू पडतो. या जातीच्या ताऱ्यांत मात्र गाळ फार.

ही जात कार्बन ताऱ्यांची. १८६० च्या दशकात रोमच्या वेधशाळेतले जेझुइट धर्मगुरू अँजेलो सेक्की ताऱ्यांचा प्रकाश लोलकातून पसरवून त्यांचे वर्ग पाडत होते. काही लालभडक ताऱ्यांचे पट्टे कुठल्याच वर्गात बसेनात. जाड काळे पट्टे, एका कडेला धारदार आणि दुसरीकडे विरत गेलेले. १८६८ मध्ये सेक्कींनी त्यांच्यासाठी चौथा वर्ग केला, आणि हे पट्टे कार्बनचे आहेत हे ओळखलं. त्यांतल्या एका ताऱ्याच्या रंगपटावर ते इतके खूश झाले की त्याला ‘ला सुपर्बा’, म्हणजे देखणी, असं नाव देऊन टाकलं. धर्मगुरूंनाही मोह होतो.

पट्टे पाडणारा मुख्य रेणू आहे दोन कार्बन अणूंची जोडी. हा रेणू बघायला रोमला जायची गरज नाही. त्या रात्री बांधावर आम्ही छोट्या गॅसच्या शेगडीवर चहा ठेवला होता. ज्योतीच्या आतल्या सुळक्याला जी निळसर हिरवी झाक असते ती पुष्कळशी याच रेणूची. शेगडीत तो गरम होऊन निळा-हिरवा प्रकाश फेकतो. ताऱ्यावर तो बाहेरच्या, त्यातल्या त्यात थंड थरात असतो आणि आतून येणारा नेमका तोच प्रकाश गिळतो. निळं गेलं, हिरवं बरंचसं गेलं, मागे उरला निखारा. पातेल्याखाली जे पेटलं होतं त्याचंच उलटं चित्र डोक्यावर दिसत होतं.

आता हे किती थोड्या कार्बनने होतं ते बघा. सूर्यावर दर दहा लाख हायड्रोजन अणूंमागे ऑक्सिजनचे साधारण ४९० अणू आहेत आणि कार्बनचे साधारण २७०. कार्बन आणि ऑक्सिजन एकमेकांना इतके घट्ट धरतात की दोन अणूंच्या रेणूंत त्यांच्यासारखा बंध दुसरा नाही. थंड ताऱ्यात दोघांपैकी जो कमी, तो जवळपास सगळा कार्बन मोनॉक्साइडमध्ये अडकतो. मागे उरलेला जो, तो ताऱ्याचं बाकीचं रसायन ठरवतो. नेहमीच्या ताऱ्यात ऑक्सिजन उरतो. कार्बन ताऱ्यात कार्बन ऑक्सिजनच्या जेमतेम पुढे गेलेला असतो. १९८६ साली डेव्हिड लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांनी अशा ३० ताऱ्यांचं मोजमाप केलं, तेव्हा बहुतेकांत दोघांचं गुणोत्तर १ च्या किंचितच वर निघालं. समजा ऑक्सिजन ४९० आणि कार्बन ५६०. शिल्लक ७०. दहा लाखांत सत्तर. एखाद्या मोठ्या शहरात सत्तर माणसं जास्त झाली तर कोणाच्या लक्षातही येणार नाही, इथे तेवढ्यांनी अख्खा तारा लाल केला.

इथेच पहिली पट्टी मोडते. लोहाराला लोखंडाच्या रंगावरून ताव कळतो. तांबडं म्हणजे कमी, पांढरं म्हणजे जास्त. ताऱ्यांनाही हाच न्याय लावतात. पण ज्याचा निळा प्रकाश रेणूंनी खाल्ला आहे तो मुळात आहे त्याहून लाल दिसणार, आणि तुम्ही त्याला आहे त्याहून थंड ठरवणार. त्यात वर काजळी. शिल्लक कार्बन ताऱ्यापासून दूर जाताना थिजतो, त्याची धूळ होते आणि तारा आपल्याच धुरात कंदिलाच्या काचेआड गेल्यासारखा दिसतो. हाच तो गाळ.

दुसरी पट्टी होती वर्णपटातल्या रेषा-पट्ट्यांची जाडी. १९४१ मध्ये फिलिप कीनन आणि विल्यम मॉर्गन या अमेरिकी जोडीने कार्बन ताऱ्यांना चढत्या क्रमाने आकडे दिले. आकडा जसा वाढत जाईल तसा तारा थंड, अशी योजना होती. नंतर अवरक्त प्रकाशात मोजमापं झाली आणि कळलं की आकडे आणि तापमान हातात हात घालून चालतच नाहीत. योजना अजून वापरतात, पण तापमानासाठी तिच्यावर कोणी विसंबत नाही.

मधल्या काळात पुणंही या कामाच्या फार जवळ येऊन गेलं होतं. कार्बन ताऱ्यांच्या नाही, पण ताऱ्यांचा प्रकाश पसरवून वाचायच्या. १८८८ साली इथल्या कॉलेज ऑफ सायन्सात, म्हणजे आताच्या सीओईपीत, कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारली. डब्लिनच्या ग्रबने केलेली वीस इंची दुर्बीण तिथे होती, आणि तिचं मुख्य काम वर्णपटांचंच. १९१२ मध्ये वेधशाळा मोडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. त्यानंतर पुण्याजवळ व्यावसायिक कामाची मोठी दृश्यप्रकाश दुर्बीण उभी राहायला २००६ उजाडावं लागलं: आयुका या पुण्यातल्या खगोल संशोधन संस्थेची गिरावलीची दोन मीटरची.

तर तापमान. खरी सोडवणूक एका सरळ कल्पनेतून आली. एखादी वस्तू तापवली तर तिची एकूण ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. तापमान दुप्पट, तर ऊर्जा सोळापट. पण तिच्या प्रकाशातलं लांब टोक, अवरक्तातली एखादी लांब तरंगलांबी धरली, तर तिथली ऊर्जा जवळजवळ तापमानाच्या प्रमाणातच वाढते. दुप्पट तर दुप्पट. मग एकूण ऊर्जेला त्या टोकाच्या ऊर्जेने भागा. भागाकार तापमानाच्या तिसऱ्या घाताने बदलणार, आणि ताऱ्याचं अंतर, ताऱ्याचा व्यास, दोन्ही वर-खाली सारखेच असल्यामुळे छाटले जाणार. रेणूंचा गोंधळ कमी असेल अशी तरंगलांबी निवडली की झालं. जपानच्या ताकाशी त्सुजी यांनी १९८१ मध्ये ही रीत थंड कार्बन ताऱ्यांना लावली आणि त्यांची तापमानं मुख्यतः २,४०० ते ३,२०० केल्विनमध्ये पडतात असं दाखवलं. तो शोधनिबंध टोकियोत किंवा शिकागोत छापला गेला नाही. छापला बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकाने, आणि तेही नियतकालिक सुरू होऊन जेमतेम एक वर्ष झालेलं असताना. मला ही गोष्ट उगीचच आवडते.

जुन्या पिवळ्या बल्बची तार साधारण २,७०० केल्विनला तापते. म्हणजे यांतले कित्येक तारे आपल्या घरातल्या बल्बपेक्षा थंड. टंगस्टन ३,६९५ केल्विनला वितळतं. त्याची कढई करून आर लेपोरिसच्या बाहेरच्या थरात सोडली तर ती वितळणार नाही. ताऱ्यात बुडवलेली कढई शाबूत राहते, हे वाक्य लिहिताना मी हिशेब दोनदा तपासला.

दुसरी रीत आडव्या अंगाने जाते. ताऱ्याचा व्यास आकाशात किती भरतो ते मोजा, त्याची एकूण ऊर्जा मोजा, दर चौरस मीटरला किती ऊर्जा बाहेर पडते ते काढा. तापमान हाती येतं. अडचण व्यासाची. आर लेपोरिस आकाशात विकलेचा साधारण नव्वदावा भाग व्यापतो, आणि विकला म्हणजे एका अंशाचा ३,६०० वा भाग. यवतमाळच्या एखाद्या दुकानाच्या गल्ल्यावर दहा रुपयांचं नाणं उभं ठेवलंय आणि तुम्ही ते पानशेतच्या काठावरून बघताय, इतपत. यासाठी दूरदूर ठेवलेल्या दुर्बिणींचा प्रकाश एकत्र जुळवतात. काही ताऱ्यांसाठी मात्र फुकटचं साधन आहे: चंद्र. मीन राशीतला टीएक्स पिशियम हा कार्बन तारा चंद्राच्या वाटेवर आहे. चंद्राची कड ताऱ्यांवरून सेकंदाला साधारण अर्धी विकला सरकते. तो तारा तिच्याआड जायला सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. तेवढ्या अवधीत प्रकाश कसा कमी होत गेला हे सेकंदाला हजारदा या वेगाने नोंदवलं की ताऱ्याचा व्यास मिळतो. अबूजवळच्या गुरुशिखरावर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने अशी पिधानं नोंदवून ताऱ्यांचे व्यास काढले आहेत.

व्यासात दहा टक्के चूक झाली तर तापमानात पाच टक्के होते, म्हणजे शंभर-सव्वाशे अंश. आणि व्यास चुकतोच. कारण या ताऱ्याला कड नाही. एका रंगात बघाल तर एवढा, दुसऱ्या रंगात, जिथे रेणू अपारदर्शक करतात तिथे, बराच मोठा. शिवाय तो चौदा-साडेचौदा महिन्यांत फुगतो आणि आकसतो, तेज तीनशे पटींपर्यंत वरखाली होतं. मग २,३०० हे तापमान नेमकं कुठलं आणि कधीचं? धरणाला भिंत असते म्हणून पातळीला अर्थ असतो. इथे भिंतच नाही. माझं मत विचाराल तर हा आकडा मोजलेला कमी आणि ठरवलेला जास्त. तो खोटा नाही, पण त्याच्यापुढे ‘सुमारे’ लावल्याशिवाय तो छापू नये.

मोठ्या आकड्यांचं तसं नाही. ते ढोबळ असले तरी दणका देतात. आर लेपोरिसची त्रिज्या सूर्याच्या चारशे ते पाचशे पट. सूर्याच्या जागी ठेवला तर बुध, शुक्र, आपण आणि मंगळ, चौघे पोटात. ताशी नऊशे किलोमीटरने जाणाऱ्या विमानाला पृथ्वीची प्रदक्षिणा दोन दिवसांत होते. याच्याभोवती लागतील २७७ वर्षं. साताऱ्यात शाहू महाराज गेले त्या साली, १७४९ मध्ये, निघालेलं विमान आत्ता कुठे परत आलं असतं. तारा दर चौरस मीटरला सूर्याच्या चाळिसाव्या हिश्श्याएवढीच ऊर्जा देतो, पण पृष्ठभाग अडीच लाख पट, म्हणून एकूण तेज सहा हजार सूर्यांचं. थंड आहे, पण गरीब नाही.

अंतर साधारण चौदाशे प्रकाशवर्षं. इथेही एक गाठ आहे. अंतर मोजतात ते पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किती हललेला दिसतो त्यावरून. या ताऱ्याचं ते हलणं त्याच्या स्वतःच्या तबकडीच्या पाचव्या हिश्श्याएवढं आहे. खदखदणारी, डागाळलेली तबकडी, तिचा मध्य आज इथे उद्या तिथे, आणि आपण तिच्या व्यासाच्या पाचव्या भागाएवढी हालचाल मोजायची. चौदाशेला पाठ करू नका.

आता आपलं माप काढू. या ताऱ्याचं वस्तुमान दीड सूर्याएवढं धरलं, तर त्याची सरासरी घनता इतकी विरळ येते की पानशेत धरण या ताऱ्याच्या मालाने काठोकाठ भरलं तर एकूण वजन होईल पाच टन. तीस कोटी टन पाणी मावतं त्या खोऱ्यात ताऱ्याचे पाच टन. एक भरलेला टेम्पो. नुसती हवा भरली असती तरी साडेतीन लाख टन झाली असती. मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि जलाशयाकडे बघत राहिले.

पण सरासरी फसवी असते. या फुग्याच्या मधोमध पृथ्वीएवढा एक गाभा आहे आणि त्यात अर्ध्या सूर्याहून जास्त माल ठासलेला आहे. तिथलं एक चमचाभर घेतलं, ज्या चमच्याने आम्ही चहात साखर घालत होतो त्या मापाचं, तर वजन होईल सुमारे पाच टन. मध्याचा एक चमचा बरोबर सरासरी ताऱ्याचं एक पानशेत. हा मेळ मी जमवलेला नाही, हिशेब करताना आपोआप पडला.

आणि तापमान? बाहेर दोन-अडीच हजार, गाभ्यावरच्या हेलियमच्या थरात दहा कोटींच्या वर. तिथे हेलियमचे तीन अणुगर्भ एकत्र येऊन कार्बन बनतो. ही भट्टी इतकी तिखट आहे की तिचा वेग तापमानाच्या चाळिसाव्या घाताने वाढतो. तापमान दोन टक्के वाढलं की ऊर्जा दुपटीहून जास्त. म्हणून ती सतत जळत नाही, हजारो वर्षांच्या अंतराने धडाके मारते, आणि धडाक्यानंतर ताऱ्याचं ढवळणं आतला कार्बन वर आणतं. असा वर आलेला माल साचत साचत दहा लाखांतले ते सत्तर जास्तीचे अणू होतात. ही प्रक्रिया चालायला कार्बनच्या अणुगर्भात एक विशिष्ट ऊर्जापातळी असायलाच हवी, असं १९५३ मध्ये फ्रेड हॉईल यांनी प्रयोगशाळेत बसलेल्यांना सांगितलं, आणि ती तिथे सापडली. हेच हॉईल १९६२ मध्ये चंद्रा विक्रमसिंघे यांच्याबरोबर म्हणाले की ताऱ्यांमधल्या अवकाशातली धूळ म्हणजे थंड कार्बन ताऱ्यांची ग्रॅफाइटची काजळी असावी. तेव्हा त्यांच्याच हाताखाली केंब्रिजमध्ये संशोधन करणारा कोल्हापूरचा एक तरुण पुढे पुण्यात आयुका उभारणार होता. जयंत नारळीकरांचा विषय वेगळा होता, पण गुरूंच्या घरात काजळीची चर्चा चालू होती.

काजळी किती, ते बघायचं तर सिंह राशीत जावं लागेल. मघा ताऱ्याच्या पश्चिमेला पाचेक अंशांवर सीडब्ल्यू लिओनिस आहे. सुमारे चारशे प्रकाशवर्षांवर, आपल्याला सर्वांत जवळच्या कार्बन ताऱ्यांपैकी एक, आणि तरी १९६९ पर्यंत कोणाच्या ध्यानात आला नाही. स्वतःच्या धुरात तो इतका गुरफटलाय की साध्या दुर्बिणींना दिसत नाही. अवरक्तात, पाच मायक्रॉनच्या आसपास मात्र, सूर्यमालेबाहेरची आकाशातली सर्वांत झगझगीत वस्तू हीच. तो स्वतःला उधळतोय: दर वर्षी सूर्याच्या वस्तुमानाचा पन्नास हजारावा भाग. ऐकायला किरकोळ. किलोत करा, सेकंदांनी भागा, पानशेतच्या तीस कोटी टनांनी भागा. एका सेकंदाला बेचाळीस लाख पानशेत.

हा लेख वाचायला बसल्यापासून त्याने किती पाणी सोडलं असतं ते काढत बसू नका. पृथ्वीवरचे सगळे महासागर तो अठरा मिनिटांत ओतून रिकामे करेल. पंचावन्न दिवसांत एक अख्खी पृथ्वी. या मालात ढोबळमानाने दोनशे भागांत एक भाग काजळी धरली, तर नुसत्या काजळीची एकवीस हजार पानशेतं, दर सेकंदाला. २०१० मध्ये राघवेंद्र सहाय आणि त्यांच्या सहकाऱ्याने या ताऱ्याभोवतीचं कवच अतिनील प्रकाशात पाहून हे उधळणं निदान ६९,००० वर्षं चालू असल्याचं दाखवलं. जवळजवळ दीड सूर्याचा माल.

असल्या ताऱ्यांचा थोडासा माल आपल्या हातात आला आहे, अगदी शब्दशः. २८ सप्टेंबर १९६९ ला ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावाजवळ एक अशनी पडली. तिच्यातून आम्लांनी बाकीचं सगळं विरघळवून काढल्यावर सिलिकॉन कार्बाइडचे बारीक कण उरतात, मायक्रॉनच्या मापाचे. त्यांतले बहुतेक कण कार्बन ताऱ्यांत जन्मलेले आहेत, हे त्यांच्यातल्या समस्थानिकांवरून कळतं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही कणांचं वय सुमारे सात अब्ज वर्षं निघालं. सूर्याचं वय साडेचार अब्ज. म्हणजे अशा कणाला जन्म देणारा तारा विझून गेला, त्याची काजळी अवकाशात भटकत राहिली, मग सूर्य झाला, पृथ्वी झाली, सह्याद्रीचा लाव्हा वाहिला आणि थिजला, आणि इतकं सगळं झाल्यावर तो कण कोणाच्या तरी चिमट्यात सापडला.

बांधावर थंडी वाढली तेव्हा मित्राने ताऱ्याची प्रत नोंदवली. लाल तारा एकटक बघितला की डोळ्याला उगीचच जास्त तेजस्वी वाटत जातो, म्हणून झटकन बघायचं, शेजारच्या दोन ताऱ्यांशी ताडायचं आणि आकडा लिहायचा. हौशी निरीक्षकांच्या असल्या वह्यांवरच या ताऱ्यांचे पावणेदोनशे वर्षांचे आलेख उभे आहेत. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, शिकवणारी माणसं भेटतील.

तुम्हीही जाऊन बघा. जानेवारीच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास तारा बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून ५७ अंशांवर येतो. मृगाच्या पायाशी असलेला निळसर पांढरा राजन्य शोधा, हात लांब करून मूठ धरा आणि मुठीपेक्षा थोडं कमी अंतर खाली, किंचित उजवीकडे जा. साधी दुर्बीण किंवा बायनॉक्युलर चालेल. निखारा दिसला तर उत्तम. नाही दिसला तर दिशा चुकली असेल किंवा तारा सध्या मंदावलेला असेल. मंदावला असेल तर सहा-सात महिन्यांत पुन्हा उजळायला लागेल, पण ते महिने पावसाळ्यात आले तर पानशेतवर आकाश दिसत नाही. मग पुढच्या जानेवारीत या.